भागीबायच्या डोक्याची दोन मापं

आमच्या खोलीत शिरायचं तर आधी पिना काढाव्या लागत. खांद्यावरची काढाल हो, पण बायकांच्या पिना काय खांद्यावर संपतात? मंगळसूत्रात अडकवलेल्या, बांगडीत ओवलेल्या, परकराच्या नाडीशी "असू दे वेळेला" म्हणून लावून ठेवलेल्या. एक बाई सगळ्या काढल्या अशी मुलाची शपथ घेऊन आत आली आणि दाराच्या आत दोन पावलं टाकते तोच ओरडली, "अगं बाई, कोण ओढतंय मला!" कोणी ओढत नव्हतं. समोर एमआरआयचं यंत्र होतं आणि तिच्या कमरेची विसरलेली पिन त्याच्याकडे निघाली होती.

यंत्र म्हणजे काय, तर एक भलंमोठं चुंबक, मध्ये बोगदा. ते चुंबक कधी बंद नसतं. वीज गेली तरी नाही, रविवारीही नाही. आपल्या अंगात पाणी असतं ना, त्या पाण्याला हे चुंबक आणि त्यातल्या लहरी मिळून थोडं हलवतात. ते परत जागेवर येताना जी खूण देतं, तिच्यावरून संगणक आतलं चित्र काढतो. मला एवढंच समजलं आणि एवढ्यावर माझी नोकरी निभावली. मी संगमेश्वरकडची, लग्न होऊन आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये आले, आणि नालासोपाऱ्यातल्या एका स्कॅन सेंटरमध्ये काउंटरवर नावं लिहायला बसले. तिथून एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायला, तिथून सीटी स्कॅन, मग एमआरआय. कोणी ना कोणी दाखवत गेलं, मी विचारत गेले. परीक्षा मागाहून दिली. लिहायला मात्र कोणी शिकवलं नाही. त्यामुळे बोलते तशी लिहिणार, सांभाळून घ्या.

गिऱ्हाईक म्हणू नये खरं, पेशंट म्हणावं, पण एकेक नमुने आठवतात. एक भजनी बुवा बोगद्यातून बाहेर आले ते तणतणतच. म्हणाले, "ताई, तुमचं मशीन ठेका धरतं आणि मध्येच सोडतं. माणूस झोपणार कसा?" वसईगावातल्या एक आजी आत पडल्या पडल्या रोजरीचा जप करायच्या आणि बाहेर येऊन सांगायच्या, "आज तुमी लवकर काढलं मला, माझा जप राहिला." आणि एक धडधाकट गृहस्थ, पोलादी छातीचे, आत सरकवल्याबरोबर हातातला रबरी फुगा दाबून मोकळे. तो फुगा आम्ही घाबरलं तर दाबा म्हणून देतो. बाहेर काढलं तर म्हणतात, "मी घाबरलो नाही, चालतो का ते बघत होतो."

पण मला सांगायचं आहे ते भागीबायचं.

भागीबाय अर्नाळ्याची, समुद्राकाठच्या कोळीगावची. आचोळे नाक्यावर मासळी घेऊन बसायची. माझी तिची ओळख मांदेलीवरून. मी घासाघीस करायची, ती म्हणायची, "बाय, तू मानसं आरपार बघतंस म्हनं, मंग मासळी ताजी हाय ती दिसत नाय तुना?" असं म्हणून मूठभर करंदी वरून टाकायची. अर्नाळ्याच्या बोलण्यात 'ण'ला जागा नाही, सगळा 'न'. मला ते ऐकायलाच मासळी घ्यावीशी वाटे.

त्या सुमारास आमच्या सेंटरवर डॉक्टर अनघा येऊ लागल्या. तरुण, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा, आमच्याच डब्यातलं खाणारी मुलगी. म्हणून मी तिला अनघाच म्हणते. ती म्हातारपणी स्मरणशक्तीचं काय होतं यावर संशोधन करत होती. मेंदूच्या आत, कानाच्या पातळीला, दोन्ही बाजूंना एकेक छोटा वळलेला भाग असतो. आठवणी साठवायचं बरंचसं काम त्याचं. तो किती मोठा, किती बारीक, ते एमआरआयच्या चित्रावरून मोजता येतं. अनघाला दोन प्रकारची वडीलधारी माणसं मोजायची होती. एक गट आचोळ्याच्या सोसायट्यांतला, ऑफिसात खुर्चीवर आयुष्य काढलेला. दुसरा गट अर्नाळ्याचा, समुद्र आणि बाजार केलेला. अर्नाळ्याची माणसं कोण गोळा करून देणार? मी म्हटलं, माझी एक मैत्रीण आहे.

भागीबायने काय उत्साह दाखवला! स्वतः नाव दिलं, जाऊ लीलाबायचं दिलं, अर्ध्या गल्लीचं दिलं. "डोक्याचा फोटू काढायचाय, फुकट," एवढ्यावर गाडी भरून माणसं आली.

आचोळ्याच्या गटाचे स्कॅन मी केले होते. अर्नाळ्याची गाडी आली तेव्हा मी सीटीच्या खोलीत अडकलेली, म्हणून एमआरआयवर आग्नेल होता. आग्नेल वसईगावचा, माझ्यापेक्षा वयाने लहान, पण पेशंटला माझ्यापेक्षा जपणारा. आता इथे अर्नाळ्याची एक रीत ध्यानात घ्या. तिकडची बाई दवाखान्यात एकटी जात नाही. सोबतीण हवीच. आमच्याकडे सोबतीला आत बसू देतात, पिना काढून, कानात बोळे घालून. ती पायाशी स्टुलावर बसते आणि पेशंटच्या पायाचा अंगठा धरते. डोकं चित्र टिपणाऱ्या पिंजऱ्यात, तोंड बोगद्यात, तेव्हा आपलं कोणीतरी आहे एवढं पायाला कळत राहतं. चांगली रीत आहे, मीच कितीदा बसवलंय.

पण भागीबायचा अंगठा धरून लीलाबाय बसली. आणि लीलाबाय गप्प बसेल?

यंत्राची ठोकठोक थांबली रे थांबली, की ही सुरू. "भागी, भ्यालीस का गो? भागी, सुनेला भात लावाया सांगितलास का?" आणि भागीबाय आतून मान हलवून उत्तर देई. पुढची ठोकठोक सुरू झाली तरी यांचं बोलणं चालूच. मान हलली की चित्र हललं. धावत्या नातवाचा फोटो काढून बघा, तसं. सगळ्या गाडीचं हेच, कारण सगळ्या एकमेकींच्या सोबतिणी.

आग्नेलने काय केलं, तर आम्ही सगळेच करतो ते. यंत्र पावाच्या कापांसारखी डोक्याच्या एकेका थराची चित्रं काढतं, आणि त्याच्या वेगवेगळ्या सेटिंग असतात. एक लांबलचक, बारीक कापांची. पेशंटला खूप वेळ निश्चल पडावं लागतं. दुसरी घाईची, जाड कापांची. लहान मूल असेल, दुखण्याने तळमळणारा असेल, तर घाईची लावायची आणि माणसाला सोडवायचं. गाठ आहे का, रक्तस्राव आहे का, हे डॉक्टरांना त्यावरही बहुतेक दिसतं. मी आत असते तर मीही तेच बटण दाबलं असतं. म्हाताऱ्या माणसांना उगाच का छळा? आग्नेलने अख्ख्या अर्नाळ्याला घाईची सेटिंग लावली, वर सगळ्यांना चहा पाजून गाडीत बसवलं. भागीबाय जाताना म्हणाली, "पोरगा देवमानूस हाय."

पुढे काही महिन्यांनी अनघा अर्नाळ्याला गेली, मच्छीमारांच्या सभागृहात आभार मानायला. तिने सांभाळून सांगितलं, की अजून पक्कं काही नाही, पण पहिल्या नजरेला या गटात तो आठवणीचा भाग थोडा लहान दिसतोय. एकेकट्याचं काही सांगता येणार नाही, असंही म्हणाली. पण सभागृहातून वाक्य बाहेर पडलं ते वेगळंच. समुद्रावर पोचेपर्यंत झालं, "अर्नाळ्याच्या म्हाताऱ्यांचा मेंदू आटलाय."

आणि आचोळे नाक्यावरची भागीबायची जागा रिकामी झाली.

पहिल्यांदा वाटलं, ताप आला असेल. मग वाटलं, लग्नकार्य असेल. शेजारी बसणारीला विचारलं तर म्हणाली, "तिला आता पोराने घरी बसवली. डोक्यात बिघाड निघाला ना तुमच्या मशीनमंदी."

तुमच्या मशीनमंदी! मी हातातली पिशवी तशीच घेऊन अर्नाळ्याची बस धरली.

भागीबाय घरासमोर बसली होती. समोर बोंबील वाळत घातलेले, आणि ती कावळे हाकत होती. ही बाई, जी नाक्यावर दहा बायकांना तोंड द्यायची, ती कावळे हाकतेय. मला बघून उठली नाही.

"बाय, तू सांगितलास म्हनून आलू मी फोटूला," ती म्हणाली. "आता बघ. मना पाटी उचलू देत नाय. सूनबाय चूल पेटवू देत नाय. बंदरावर गेलू तर मागून नातू धाडतात. माजा बाजार गेला गो."

तेवढ्यात तिचा मुलगा नितेश बाहेर आला. त्याची स्वतःची होडी आहे, उन्हाने करपलेला, आडदांड. मी त्याला चार शब्द सुनवायच्या तयारीने गेले होते. पण तो हात जोडून म्हणाला, "मावशी, तुमी रागावू नका. माझा बाप कसा गेला ठाऊक हाय ना? दर्यावर बोट शोधत फिरायचा. बोट समोर, आन हा शोधतोय. आमाला ओळखायचा नाय. आई मागं एकदा भलत्याच रिक्षात बसली, पार चिंचोटीच्या धबधब्याला पोचली. मी तेव्हा हसलो. आता हसू नाय येत."

"रिक्षावाला भलतीकडं गेला त्याला मी काय करू?" भागीबाय कडाडली. "आन मी तिथं पोचलू तर पाटी विकूनच आलू का नाय? धबधब्यावरची मानसं घेतली का नाय मासळी?"

"आई, बास."

"बास काय? बास तू!"

मला हसूही येईना आणि रडूही. त्याची भीती खरी होती. तिचं दुःखही खरं होतं. आणि दोघांच्या मध्ये आमचं यंत्र बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी अनघा सेंटरवर आली ती स्वतःच अस्वस्थ होती. म्हणाली, "ताई, मला काहीतरी खटकतंय. या लोकांनी माझ्या तोंडी परीक्षेत छान उत्तरं दिली आहेत. गोष्ट सांगून नंतर विचारली, तर भागीबाईंनी मी सांगितली त्याच्याहून मोठी करून सांगितली! मग त्यांचाच भाग लहान कसा?" मी तिला अर्नाळ्याचं सगळं सांगितलं. पाटी, चूल, कावळे, सगळं. ती ऐकता ऐकता खाली बसली. मग उठून संगणकाकडे गेली आणि दोन्ही गटांची चित्रं शेजारी शेजारी लावली. यंत्र प्रत्येक चित्राबरोबर ते कोणत्या सेटिंगवर काढलं तेही साठवून ठेवतं, ते आम्हा सगळ्यांना माहीत असतं, पण बघतं कोण? चित्र मोजणारा प्रोग्रॅम तर बघतच नव्हता, मिळेल ते मोजून मोकळा होत होता. अनघा एकेक सेटिंग वाचत गेली आणि माझ्याकडे वळली.

"आचोळे सगळं बारीक कापांवर. अर्नाळा सगळं जाड."

आग्नेल मागेच उभा होता. "मॅडम, त्या हलत होत्या," तो म्हणाला. "त्रास कशाला द्यायचा म्हणून..."

"तू बरोबरच केलंस रे," अनघा म्हणाली. "पेशंट म्हणून बरोबर. मोजायचं आहे, सेटिंग बदलू नकोस, हे मी तुझ्याजवळ येऊन सांगायला हवं होतं. मी नुसता कागद पाठवला."

कोणी कोणावर ओरडलं नाही. अशी माणसं होती ती. पण मी म्हटलं, "ते सगळं ठीक, भागीबायचं काय?"

अनघाने चष्मा वर केला. "त्यांना परत बोलावूया. एकाच खेपेत दोन्ही सेटिंगवर काढू. मुलालाही आणा."

माझ्याही ध्यानात आलं की तिला यात काय गमवायचं आहे. अर्नाळा लहान आणि आचोळे मोठं, हा तिच्या एवढ्या खटपटीचा निष्कर्ष होता. तो तिच्याच हाताने पुसला जाणार होता. तरी तिने 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हटलं नाही. माझ्या मनात ती मुलगी त्या दिवशी फार मोठी झाली.

भागीबाय आली, नऊवारीत, केसांत अबोली. बरोबर लीलाबाय. मागे नितेश, तोंड पाडून. जाड-बारीक कापांचं मी भागीबायला सांगितलं होतं, तर बोगद्यात जाण्याआधी तिने अनघाला अडवलं. "आदी मना सांग, जाड कापलं का आन बारीक कापलं का, मानूस तर तोच. मंग फरक कसा?"

अनघाला माशाच्या पोटातली अंड्यांची गाभोळी आठवली. मग म्हणाली, "तुम्ही गाभोळीवाला मासा कापता ना? बारीक तुकड्या पाडल्या तर गाभोळी कुठे सुरू होते, कुठे संपते, ते नीट दिसतं. जाड पाडल्या तर टोकाच्या तुकडीत अर्धी गाभोळी, अर्धं मांस. मशीन त्या तुकडीला काय म्हणणार?"

"मास," भागीबाय म्हणाली.

"आमच्या मशीननेही बहुतेक तेच म्हटलं. दुसऱ्या एखाद्या मशीनने गाभोळी म्हटलं असतं, मग तुमचा भाग उगाच मोठा दिसला असता."

"म्हंजे माजी गाभोळी तेवडीच. तुमची सुरी जाड." भागीबाय वळून नितेशला म्हणाली, "ऐकलास?"

नितेश म्हणाला, "आदी निघू दे तर."

आता प्रश्न लीलाबायचा. मी तिला स्टुलावर बसवलं, भागीबायचा अंगठा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "लीलाबाय, जावेचा बाजार तुमच्या तोंडावर आहे. धरायचं, पण बोलायचं नाही. ठोकठोक थांबली तरी नाही."

"अजिबात नाय?"

"अजिबात."

तिने पदराचं टोक तोंडात धरलं. खरंच सांगते, दातांत धरलं. आणि यंत्र सुरू झालं. लांबलचक सेटिंग, मग घाईची. मध्ये ठोकठोक थांबली तेव्हा मी शेजारच्या खोलीच्या काचेतून बघत होते, लीलाबायचे डोळे बाहेर यायचे बाकी, पण पदर दातांतून सुटला नाही. भागीबाय आत दगडासारखी पडून. काचेच्या अलीकडे नितेश उभा, पडद्यावर आईच्या डोक्याचा एकेक काप उमटताना बघत. एकदा मला हळूच म्हणाला, "मावशी, हे सगळं तिच्या डोक्यात हाय?" मी म्हटलं, "हो रे." तो काचेला आणखी चिकटला.

मोजणीला वेळ लागतो. म्हणून अनघा दुसऱ्या दिवशी अर्नाळ्याला गेली, मीही गेले. ओटीवर सगळे बसले. अनघा म्हणाली, "एकच डोकं, एकच सकाळ, मान हलली नाही. तरी दोन सेटिंगवर दोन मापं आली. आणि अर्नाळा आणि आचोळे यांच्यात मला जेवढा फरक दिसला होता, जवळजवळ तेवढा फरक भागीबाईंच्या एकट्या डोक्यात निघाला. म्हणजे मी सांगितलं ते चुकीच्या पायावर होतं. सभागृहात येऊन तसं सांगणार आहे मी."

मग नितेश म्हणाला, "मंग आई बरी हाय?"

मला वाटलं, ही आता 'हो' म्हणेल आणि आम्ही सुटू. पण अनघा म्हणाली, "ते मापावरून मी नाही सांगू शकत. लहान आलं तेव्हा सांगू शकत नव्हते, मोठं आलं म्हणून आता कसं सांगू? प्रश्नोत्तरांत त्या वयाच्या मानाने उत्तम आहेत. वर्षातून एकदा तशी तपासणी करूया. वडिलांचं तुम्ही बघितलंत, भीती वाटणारच. पण फोटोवरून कुणाला घरी बसवू नका."

नितेशने ओटीशी पडलेली रिकामी पाटी पुढे ओढली. मग आईला म्हणाला, "पाटी तुझी सूनबाय उचलेल. रिक्षात ती बसवेल. विकायला तू."

"भाव कोन सांगनार?"

"तूच सांग बाई!"

भागीबाय उठली. पहिलं काम काय केलं, तर कावळे हाकायची काठी नितेशच्या हातात दिली.

अनघाने पुढे अर्नाळ्याची सगळी माणसं परत बोलावली, लांबलचक सेटिंगवर, सोबतिणींना पदर दातांत धरायला लावून. सगळी आली नाहीत. कोणी गावी गेलं होतं, एक आजोबा तोवर वारले होते. त्यांचं घाईचं चित्र तेवढं उरलं, मोजता न येणारं, त्याची मला अजून चुटपुट लागते. शेवटी दोन गटांत सांगण्यासारखा फरक निघालाच नाही. अनघाने मग सेटिंगने निष्कर्ष कसा फिरतो यावरच लिहिलं. आमच्या यंत्राच्या खोलीत आग्नेलने भिंतीवर पाटी लावली, 'अंगठा धरा, बोलू नका'. लोक विचारतात, हा काय प्रकार? तो सांगतो, ही अर्नाळ्याची सेटिंग.

मी निवृत्त झाले. यंदा मला चक्कर येऊ लागली तेव्हा डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय सांगितला. आयुष्यभर दुसऱ्यांना आत सरकवलं, माझी पाळी आली तेव्हा तारीख घ्यायचंच टाळत राहिले. नाक्यावर भागीबायला सहज बोलून गेले. तिने हातातला पापलेट खाली ठेवला, सुनेला म्हणाली, "तू बस," आणि माझ्याबरोबर रिक्षात चढली.

सेंटरवर आग्नेलने आम्हा दोघींच्या पिना काढवल्या. भागीबायच्या पिनांचा ढीग बघून तो म्हणाला, "मावशी, दुकान टाकायचंय का?" मी आडवी झाले. डोक्यावर पिंजरा आला. पायाचा अंगठा कोणीतरी घट्ट धरला. मासळी धुऊन धुऊन खरबरीत झालेला हात.

ठोकठोक सुरू झाली. थांबली. मला इतकं बोलावंसं वाटलं, की काय सांगू! काहीही, मांदेलीचा भावसुद्धा. पण पायाशी आवाज नाही. परत ठोकठोक, परत थांबली. अंगठा तेवढा दाबला जायचा. मी हलले नाही.

बाहेर सरकवलं तेव्हा आग्नेल काचेतून अंगठा दाखवत होता, चित्रं चांगली आली म्हणून. भागीबायने दातांतून पदर सोडला.

"आता बोलू?"

"बोल गं, बोल."

"बाय, आतमंदी तुजा पाय थंडगार पडला व्हता," ती म्हणाली. "मना कवाधरनं इचारायचं व्हतं, भ्यालीस का म्हनून."